आभाळाला शेक

पुनो शहराहून चुलीवाली बाई येणार अशी नुसती कुणकुण लागली, की आमच्या कोल्पाकुचो गावातली धुराडी डोक्यावरच्या टोप्या काढत. टोप्या म्हणजे काय, तर फुटकी पातेली, तेलाचे रिकामे डबे, आणि एका घरावर तर मेलेल्या सासऱ्याची फेल्ट हॅट, वर दगड ठेवून बसवलेली. गावचा कारभारी सातुर्निनो फटफटीवरून बोंबलत यायचा, "उघडा रं डोकी! बाई वढ्यापाशी आलीया!" मग घराघराला शिड्या लागायच्या, पोरं-बापये छपरावर चढायचे, आणि बाईची गाडी गावात शिरेपर्यंत सगळी धुराडी कशी देवळात गेल्यासारखी बोडकी उभी. बाई खूश व्हायची, फोटो काढायची, पोरांना बिस्किटं वाटायची आणि जायची. तिच्या गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत टोप्या पुन्हा जागेवर.

गाव लबाड होतं असं नाही. गावाला थंडी वाजत होती.

जून-जुलै म्हणजे आमच्याकडे हाडं फोडणारी थंडी. या पठारावर नाव घ्यायला झाड नाही. जळण म्हणजे गाईचं वाळलेलं शेण आणि आल्पाका या लोकरीच्या जनावरांच्या लेंड्या, तेही मार्चपासून वेचून रचून ठेवावं तेव्हा कुठे हिवाळा निघतो. पूर्वी घरात तीन दगडांची उघडी चूल असायची. रात्री सगळं घर तिच्याभोवती झोपायचं, धुरानं डोळे चोळत का होईना, पण अंगात ऊब असायची. मग बाई आली. तिनं घरोघरी मातीची बंद चूल बांधून दिली आणि वर पत्र्याचं धुराडं काढलं. धूर गेला हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ ऊबही गेली. चुलीच्या पोटातला जाळ पोटातच राहायचा आणि उरलेला वर आभाळात. तेव्हा गावानं आपल्या परीनं वाट काढली. थंडी लागली की धुराड्यावर पातेलं पालथं घालून ठेवायचं, संध्याकाळचं जेवण उरकलं की चुलीचं तोंड उघडं टाकायचं, आणि धुमसत्या शेणाची ऊब खोलीत कोंडून घ्यायची.

एकटी निकासिया तेवढी पातेलं घालत नव्हती. तिचं धुराडं बाई असो नसो, रात्र असो दिवस असो, उघडंच.

"तुजं काय बाई," पाणवठ्यावर बायका म्हणायच्या. "तू आभाळाला शेक देतीस. आभाळाचं गुडघं दुखत असत्याल!"

आणि खो-खो हसायच्या. निकासिया हंडा भरायची आणि काही न बोलता पाठीला बांधून निघायची. तिला बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण दोन हिवाळ्यांमागे तिची थोरली पोर छाती भरून गेली होती. जुन्या चुलीच्या धुरात, तिच्या मांडीवर. तेव्हा सगळं गाव म्हणालं, थंडीनं नेली. निकासियाही तेच म्हणाली. मग बाई आली आणि म्हणाली, थंडीनं नाही हो, धुरानं. पोराची छाती म्हणजे कोवळं पान, त्याला धूर सोसत नाही. निकासियाला त्या रात्री झोप लागली नाही. कारण पोर खोकायला लागली तशी तिला थंडी लागू नये म्हणून दाराची फट चिंध्यांनी बुजवली होती ती निकासियानंच.

आता तिला एल्मेर तेवढा उरला होता. अडीच वर्षांचा, गालावर थंडीनं तडे गेलेला, जावळ अजून काढायचं राहिलेला. बाप तेओफिलो वर सोन्याच्या खाणीत होता. तो उतरला की पोराला धर्मबाप बघायचा, जावळ काढायचं, गावाला जेवण घालायचं असं ठरलं होतं. तोवर ते केस मेंढरासारखे गुंतून मानेवर लोंबत होते. या पोराला हिवाळ्यातून पार न्यायचं, एवढंच निकासियाच्या डोक्यात होतं. बाकी गाव हसो नाहीतर रडो.

घरात सासू होती, म्हातारी फोर्तुनाता. वाईट नव्हती. नातवावर तिचा एवढा जीव, की स्वतःच्या ताटातला मांसाचा तुकडा दातानं मऊ करून त्याच्या तोंडात घालायची. पण धुराड्यावरून तिचं आणि सुनेचं रोज वाजायचं.

"शेणाचा ढीग बघितलास का?" त्या दिवशी बाईची गाडी वळली न वळली तोच म्हातारीनं सुरू केलं. "आगस्टापातूर पुरायचा ढीग, आत्ताच कमरंखाली आला. दुसऱ्यांच्यात बघ, ढीग कसा पोट काढून बसलाय. त्यास्नी काय अक्कल न्हाई?"

"आत्ती, म्या अजून वेचून आणीन."

"कुठनं आणशील? गायी काय तुज्यासाठी दोनदा हागणार हायेत?"

निकासियाला हसू आलं. म्हातारीलाही आलं, पण तिनं ते गिळलं.

"हसतीस काय! त्या बाईच्या घरात इजेची शेगडी आसंल. गुलाबी गाल घिऊन येती आन् आमाला शिकवती. उंटावरची शहाणी. एक रात झोप म्हणावं हितं, मग सांग."

"ती म्हणती धूर..."

"आगं धूर म्हंजी गरिबाचं पांघरूण! माजी आय धुरात वाडली, म्या वाडले, तुजा दादला वाडला. मेलो का आमी?"

"तुमची किती गेली, आत्ती?" निकासिया हळूच म्हणाली.

 म्हातारीची चार गेली होती. शाल ओढत ती म्हणाली, "ती थंडीनं गेली."

जूनअखेरीला सान हुआनच्या सणाच्या आसपास थंडी कळस गाठते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच दंवावर बटाटे पसरून वाळवायचे, पायांनी तुडवायचे, म्हणजे वर्षभराचा चुन्यो होतो. तेव्हा दंव पडलं नाही तरी पंचाईत, पडलं तरी पंचाईत. त्या वर्षी मात्र दंवाच्या जोडीला बर्फ आला. भुरभुर नाही, चांगला गुडघाभर. आल्पाकांची दोन पिल्लं गोठ्यातच आखडून मेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेणाच्या ढिगावरचं गवत उडालं आणि अर्धा ढीग भिजला. ओलं शेण पेटेना, पेटलं तर नुसतं कण्हायचं.

एल्मेर खोकायला लागला.

आधी कोरडा, मग घरघर. निकासियानं त्याला पोटाशी धरलं, वर होत्या नव्हत्या तेवढ्या घोंगड्या घातल्या. तरी पोराचे हात बर्फासारखे. घरात हंड्यातल्या पाण्यावर साय धरावी तसं बर्फ धरलं होतं. चुलीत जाळ होता, पण धुराड्यातून वारा असा ओढत होता की जाळ सरळ वर निघून जायचा. हात चुलीला लावून बसलं तर तळवे गरम आणि पाठ गार.

"पोरी," म्हातारी आली आणि तिच्यासमोर खालीच बसली. आज आवाजात भांडण नव्हतं. "पोराची व्हटं बघ. निळी पडल्याती. म्या पाया पडते तुज्या. आजची रात झाकू दे."

"आत्ती, धूर छातीत जाईल त्याच्या."

"आन् ही थंडी कुठं चाललीया? ती छातीतच चाललीया न्हवं? धुरानं मरंल का न्हाई ते तुजी बाई जाणं. थंडीनं मरंल ते म्या जाणते. चार येळा बघितलंय."

निकासियानं पोराच्या ओठांकडे पाहिलं. निळेच होते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, आणि पोर आपल्या हातात. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. म्हातारी उठली. वयाची साठी उलटलेली बाई, बर्फातून शिडी ओढत नेली, वर चढली, आणि धुराड्यावर पातेलं पालथं घातलं. त्याचा पत्र्यावर झालेला आवाज निकासियानं आत ऐकला. तिला उठून बाहेर जाता आलं असतं. ती बसून राहिली.

जरा वेळात खोली ऊबदार झाली. खरंच झाली, उगाच कशाला खोटं बोला. एल्मेरचे हात कोमट झाले, गालांवर रंग आला, त्यानं आजीकडे बघून "आज्जी, शू" म्हटलं आणि मग अंग सैल सोडून झोपला. कितीतरी दिवसांत तो असा झोपला नव्हता. म्हातारी डोळ्यांतलं पाणी पुसत हसली. धुराचं होतं की आनंदाचं, कोण जाणे.

"बघितलंस? म्हाताऱ्या माणसाचं ऐकावं कधी."

निकासियालाही वाटलं, बाई चुकली असेल. बाईलासुद्धा चुकता येतंच की.

पातेलं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशीही. बर्फ थांबेना आणि ओलं शेण धुमसतच होतं, खोलीत हात लांब केला तर बोटं धूसर दिसावीत. मग एका सकाळी निकासियानं पोराची बंडी वर केली. श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत जात होत्या, छातीखाली खड्डा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. हे तिनं आधी एकदा पाहिलेलं होतं. तिनं पोराला घोंगडीत गुंडाळलं, रंगीत चादरीनं पाठीला बांधलं आणि बाहेर पडली.

"थांब, म्या येते!" म्हातारी ओरडली.

"तुमी नगा, आत्ती. आल्पाकास्नी कोण बघंल?"

दवाखाना खिंडीपलीकडच्या गावात. दवाखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, एक खाट, आणि सेनोबियो नावाचा सुई टोचणारा तरुण. त्याला सगळे डॉक्टरच म्हणत आणि त्यानंही कधी नाही म्हटलं नव्हतं. बर्फ तुडवत निकासिया चालली. वाटेभर ती मान वळवून पोराचा श्वास ऐकत होती. ऐकू आला की पुढचं पाऊल, असं करत करत ती उन्हं वर आल्यावर तिथं पोचली.

दार उघडलं आणि तिला ठसकाच लागला.

खोली धुरानं भरली होती. कोपऱ्यात तिच्या घरात होती तशीच चूल, बाईनंच बांधलेली. भिंतीवर बाईचंच रंगीत चित्र, उघडं धुराडं आणि हसरी पोरं. आणि धुराड्याच्या नळीत सिमेंटची रिकामी पिशवी कोंबलेली, तिचं टोक चित्राच्या शेजारी लोंबत होतं. सेनोबियो तीन घोंगड्या पांघरून चुलीशी बसला होता, डोळे लालभडक.

निकासिया त्या पिशवीकडे बघत राहिली. सेनोबियोनं तिची नजर बघितली आणि उठून उभा राहिला.

"राती लई गार हुतं हो ताई," तो म्हणाला. लाजला होता. "हितं एकटा ऱ्हातो म्या. पाय आखडत्यात."

"डॉक्टर, पोराला बघा."

त्यानं बघितलं. खोटं कशाला बोला, मन लावून बघितलं. छातीला नळी लावली आणि त्याचं तोंड उतरलं. सुई दिली. मग वायरलेसवर तासभर ओरडत बसला. पुनोच्या मोठ्या दवाखान्यातून उत्तर आलं ते एवढंच की तिकडच्या वाटेवरही बर्फ आहे, दवाखान्याची गाडी निघाली तरी उद्याशिवाय पोचत नाही. प्राणवायूचं एक नळकांडं कोपऱ्यात होतं. सेनोबियोनं चावी फिरवली, कान लावला, पुन्हा फिरवली. मग ते रिकामं नळकांडं हळूच भिंतीला टेकवून ठेवलं.

"उबंत ठेवा त्याला. गाडी येईस्तवर उबंत ठेवा."

"हितं? ह्या धुरात?"

"मग कुठं, ताई?" सेनोबियो म्हणाला. तो चिडला नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. "पिशवी काढू का? काढतो. पर मग घडीभरात हितं पानी गोठंल. तुमी सांगा. तुमी म्हनाल तसं करतो."

पुन्हा तोच प्रश्न. एवढी खिंड ओलांडून ती आली होती ती कुणीतरी शहाण्यानं या प्रश्नाचं उत्तर द्यावं म्हणून, आणि शहाणा तिलाच विचारत होता.

बाहेर ऊन पडलं होतं. आमच्याकडे बर्फानंतरचं ऊन असं लख्ख असतं की डोळे दिपतात. निकासियानं पोराला उचललं आणि बाहेर जाऊन दक्षिणेचा वारा अडवणाऱ्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसली. त्याला छातीशी घेतलं, त्याच्याभोवती आपली शाल, घोंगडी, सगळं गुंडाळलं, फक्त नाक-तोंड उघडं ठेवलं.

"ताई, आत या! थंडी भरंल त्याला!" सेनोबियो दारातून म्हणाला. दोनदा म्हणाला. मग स्वतःची घोंगडी आणून तिच्या खांद्यावर टाकली आणि जवळच उकिडवा बसला.

एल्मेरनं डोळे उघडले होते. बर्फावरच्या उजेडाकडे बघत होता. हवा एवढी स्वच्छ होती की पलीकडच्या डोंगरावरचा दगडन् दगड मोजावा. त्याची घरघर कमी झाली. निकासियाला वाटलं, उतार पडतोय. ती त्याच्या केसांतून बोटं फिरवू लागली, आणि गुंता सोडवता सोडवता तिच्या ध्यानात आलं, की घरघर कमी झाली नव्हती, थांबली होती.

पोराला जावळासकट पुरलं. तेओफिलोला निरोप पोचायलाच किती दिवस लागले असते, तेव्हा त्याची वाट पाहिली नाही. सगळं गाव आलं, चघळायला कोकाची पानं आली, दारू आली. आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. सेनोबियोनं कुणाला तरी सांगितलं होतं, वाईट हेतूनं नव्हे, तर हळहळून. उन्हात घेऊन बसली, बाहेर, बर्फात. झालं.

"आगं चांगली उबदार खोली सोडून!"

"हिवाळाभर आभाळाला शेक दिला. आभाळानं पोर नेलं."

हे शेवटचं बोलली ती जरा मोठ्यानं बोलली. म्हातारी फोर्तुनाता उठली आणि तिच्या हातातला पेला काढून घेतला. "पी घरी जाऊन," म्हणाली. मग कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण त्या आठवड्यात ज्यांच्या धुराड्यावर नुसती पातेली होती त्यांनी ती चिखलानं लिंपून घेतली. सातुर्निनोनंही लिंपलं. बाईला काय सांगायचं ते बाई आल्यावर बघू, म्हणाला.

म्हातारीनं अन्न सोडलं. पुढ्यात वाटी ठेवली की बघत बसायची आणि ती गार झाली की कुत्र्याला घालायची. निकासियाला आधी कळलंच नाही, तिला कशाचंच भान नव्हतं. मग एका दुपारी म्हातारी तिच्यासमोर येऊन बसली. त्या दिवशी बसली होती तशीच, खाली जमिनीवर.

"पोरी, येक इचारू? खरं सांगशील?"

"काय, आत्ती?"

"पातेलं म्या घातलं. माज्या हातानं गेला का गं त्यो?"

निकासियानं तिच्याकडे बघितलं. गालफडं बसली होती, मान लटलटत होती. त्या चार पोरांची आई, या सगळ्या वर्षांत थंडीला शिव्या देत जगली होती. आता त्या चारांचाही हिशेब तिच्या डोळ्यांत उभा होता. हिला आता धूर म्हणावं तर ही पाचांच्या ओझ्याखाली जाईल. आणि निकासियाला तरी कुठं ठाऊक होतं? पातेलं घातलं नसतं तर पोर जगलं असतं, असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? तिला वाटत होतं धुरानं गेलं. वाटत काय होतं, तिला माहीत होतं.

"न्हाई, आत्ती," ती म्हणाली. "थंडीनं गेला. म्या बाहीर घिऊन बसले न्हवं."

"खरं?"

"खरं."

म्हातारीनं डोळे मिटले. तिच्या अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखी ती खाली वाकली आणि सुनेच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. त्या संध्याकाळी ती वाटीभर सार प्यायली.

दोनेक दिवसांनी बासिलिया आली. शेजारच्या टेकाडावरची, पहिलटकरीण, पाठीवर तीन महिन्यांची पोर. त्या पोरीची धर्मआई निकासिया. म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि या नात्यात खोटं बोलायची आमच्याकडे रीत नाही. बासिलिया पाणवठ्यावर कधी निकासियाला हसली नव्हती. उलट, एकदा चोरून म्हणाली होती, आमच्यात सासरा नसता तर म्या बी उघडं ठेवलं असतं.

म्हातारी दाराशी चुन्योची सालं काढत बसली होती. बासिलिया तिच्या पलीकडे टेकली, पोरीला पुढे घेतलं. पोर जरा खोकली.

"कोमाद्रे," बासिलिया म्हणाली, "म्या इचारू नये, पर कुणाला इचारू? मालक लिंपायचं म्हणतोय. चिखल बी कालवलाय. म्या म्हटलं, थांब, कोमाद्रेला इचारून येते. तू दोन्ही करून बघितलंस. तुजी धर्माची लेक हाय ही. सांग, उघडं ठिवू का झाकू?"

निकासियानं पोरीकडे बघितलं. नाकाशी शेंबूड, श्वास अजून मोकळा. जिभेवर शब्द आला होता. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की सालं काढायचा आवाज थांबलाय. म्हातारीचा हात बटाट्यावर तसाच राहिला होता. ती वर बघत नव्हती, नुसती ऐकत होती.

"झाक," निकासिया म्हणाली.

म्हातारीचा हात पुन्हा चालू लागला.

"थंडी लई वंगाळ हाय ह्या सालची," निकासिया पुढं म्हणाली, कारण नुसता एक शब्द पुरेसा वाटेना. "झाक, आन् पोरीला चुलीजवळ निजीव."

बासिलियाच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. तिला हेच ऐकायचं होतं. थंडीत दुसरं काय ऐकावंसं वाटतं? ती निकासियाच्या गळ्यात पडली, म्हातारीच्या गालाचा मुका घेतला आणि पोरीला पाठीला बांधून टेकाडाकडे निघाली.

निकासियानं मनाशी ठरवलं, संध्याकाळी पाणवठ्यावर गाठायची. एकटीला गाठून सांगायचं, म्हातारीच्या माघारी. मग वाटलं, संध्याकाळ कशाला, आत्ताच मागं जावं. ती उठून दाराबाहेर आली. पलीकडच्या टेकाडावर बासिलियाचा नवरा छपरावरच होता, बायकोला लांबून येताना बघून ओरडला, "काय म्हणाली?" बासिलियानं हात वर करून काहीतरी सांगितलं, आणि त्यानं घमेल्यातला चिखल ओंजळीनं घ्यायला सुरुवात केली. खाली सासरा काहीतरी चेष्टेचं बोलला असावा, कारण सगळे हसले.

निकासिया अंगणात उभी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"सूनबाई," आतून म्हातारी म्हणाली, "दार लाव गं. गार वारं येतंय."

निकासिया आत गेली आणि दार लावलं.